डीपीएफचा दिवा लागलेल्या गाडीची फेरी: शहर, हायवे, घाट आणि परत

गाडी दोन लिटर डिझेल इंजिनाची, सहा गिअरची मॅन्युअल. बरेच दिवस नुसती शहरातल्या शहरात पळालेली, इंजिन धड तापायच्या आत ठिकाण येईल एवढ्याच अंतरावर. अशा वापरात डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला नाही तरच नवल. निघताना दिवा पिवळा आणि स्थिर होता, चेक इंजिनचा दिवा बंद, गाडीची ओढ नेहमीसारखी. हायवेवर नेऊन फिल्टर साफ होईल अशी ही स्थिती. त्याच्या जोडीला चेक इंजिनचा किंवा ग्लो प्लगचा (थंड इंजिन तापवणाऱ्या भागाचा) दिवा लागलेला असेल, किंवा गाडी लिंप मोडमध्ये (बिघाड झाल्यावर ताकद कमी ठेवण्याच्या स्थितीत) जाऊन ३००० आरपीएमच्या पुढे चढतच नसेल, तर हायवे गाठण्यात अर्थ नाही. तेव्हा ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्वतःहून रीजनरेशन, म्हणजे फिल्टर तापवून आतली काजळी जाळणं, सुरूच करत नाही, आपण रेस करत बसलो तर डिझेल तेवढं जळतं. दिवा लुकलुकण्याचा अर्थ मात्र कंपनीगणिक बदलतो. काही गाड्यांत ती ‘आता चालवत राहा’ अशी खूण असते, काहींत ‘वर्कशॉपला न्या’ अशी. मॅन्युअलमधलं ते एक पान निघण्याआधी वाचून घ्यावं.

निघण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. टाकीत निदान पाव भाग डिझेल हवं, कारण रिझर्व्हचा दिवा लागलेला असेल तर बहुतेक गाड्या रीजनरेशन टाळतात. ओबीडी स्कॅनर (ईसीयूतली माहिती वाचणारं यंत्र) लावून आधीचे बिघाडाचे कोड वाचायचे. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), ग्लो प्लग किंवा एक्झॉस्टच्या तापमान सेन्सरचा एखादा कोड पडून असेल तर रीजनरेशन अडतं, आणि ते का अडलं हे डॅशबोर्ड सांगत नाही. ब्लूटूथचा साधा स्कॅनर आणि त्या कंपनीचे आकडे वाचणारं अॅप असलं की काजळीचे ग्रॅम, फिल्टरच्या आधीचं तापमान आणि फिल्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक दिसतो. त्याच्याशिवाय जाता येतं, पण मग सगळा अंदाजपंचे कारभार.

तिसरी गोष्ट ऑइल, आणि तीच लोक सोडून देतात. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची. इथे पातळी वरच्या खुणेच्या जेमतेम खाली होती, म्हणजे चालण्यासारखी. तीच खुणेच्या वर तीन-चार मिलिमीटर असती आणि कांडीला डिझेलचा वास येत असता, तर फेरी रद्द करून आधी ऑइल बदलायला हवं होतं. कारण सरळ आहे. रीजनरेशनसाठी लागणारी उष्णता आणायला ईसीयू पॉवर स्ट्रोक संपत आला असताना थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते सिलिंडरमध्ये जळत नाही, पुढे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टवर जळतं. पण त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागून पिस्टन रिंगांमधून खाली सम्पमध्ये, म्हणजे ऑइलच्या तळटाकीत, उतरतं. रीजनरेशन दर वेळी अर्धवट तुटत राहिलं की हे प्रमाण वाढतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंगांची झीज होते. पातळी फारच वर गेली तर इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून ओढू लागतं आणि किल्ली फिरवूनही बंद होत नाही. ऑइल कमी होतंय का एवढंच बघायची सवय असते. डीपीएफच्या गाडीत ते वाढतंय का हेही बघावं लागतं.

शहरातून बाहेर पडतानाचे आकडे बोलके होते. सिग्नलवर उभं असताना फिल्टरच्या आधीचं तापमान १७०-१८० अंश सेल्सिअस, काजळी २७ ग्रॅम, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) दाबाचा फरक १.८ किलोपास्कल. हे आकडे या गाडीचे; मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी. कूलंट ९० अंशांवर यायलाच दहा-बारा किलोमीटर गेले. रोजची फेरी पाच-सात किलोमीटरची असेल तर काय होतं ते यातच आलं. ट्रॅफिकमध्ये सायलेन्सर गरम लागतो खरा, पण काजळी आपोआप जळायला निदान अडीचशे अंश हवेत, आणि तेही सलग.

हायवेला लागल्यावर पहिली पंधरा मिनिटं काहीच घडलं नाही असं वाटेल. तापमान ३०० ते ३२० अंश, काजळी दीड-दोन ग्रॅमनी उतरली. हे पॅसिव्ह रीजनरेशन: एक्झॉस्टमधला नायट्रोजन डायऑक्साइड काजळी सावकाश खातो. फिल्टर थोडाच भरलेला असेल तर रोजच्या हायवे प्रवासात एवढ्यावर भागतं आणि दिव्याचं दर्शन होत नाही. इथे भागणार नव्हतं.

मग पाचवा गिअर टाकून वेग ८०, आरपीएम २२०० च्या आसपास धरला. क्रूझ कंट्रोल असेल तर लावून टाकावा, स्थिर भार त्याला छान जमतो. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोडमध्ये एक गिअर खाली ठेवायचा, नाहीतर गिअरबॉक्स टॉपला जाऊन १५०० आरपीएमवर ढकलत राहतो आणि एक्झॉस्ट थंड पडतो. वेगमर्यादा मोडण्याची काही गरज नाही. ‘दिवा लागला की गाडी १२० वर फेकायची’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण ६०-७० वर खालच्या गिअरमध्येही काम होतं. फिल्टरला वेग नको, सलग उष्णता हवी.

अॅक्टिव्ह रीजनरेशन, म्हणजे ईसीयूने जास्तीचं डिझेल सोडून केलेलं, सुरू झाल्याची कुठलीही सूचना बऱ्याच गाड्या देत नाहीत. स्क्रीनवर मात्र ते लपत नाही. फिल्टरच्या आधीचं तापमान तीन मिनिटांत ३१० वरून ६०० च्या पुढे गेलं, आणि त्याच वेळी तात्कालिक मायलेज १८ वरून १० वर आलं, रस्ता तोच आणि पायाचा दाबही तोच. स्कॅनर नसेल तर खुणा अशा: थांबल्यावर आयडल ८०० ऐवजी १००० आरपीएमला राहतो, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, एक्झॉस्टचा आवाज जरा जाड होतो, पंखा जोरात फिरतो, काचा खाली असतील तर तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. यातल्या दोन-तीन खुणा एकदम दिसल्या की गाडी बंद करायची नाही, एवढं पक्कं धरा.

साधारण अठरा मिनिटं हे चाललं. काजळी २५ वरून आधी भराभर, मग सावकाश उतरत ६ ग्रॅमवर थांबली, तापमान आपसूक ३०० वर आलं आणि दिवा गेला. दहा ते वीस मिनिटं हा नेहमीचा काळ. पावसात, थंडीत किंवा मध्ये खंड पडला तर जास्त.

खंड पडला तो टोलच्या रांगेत. दोन-तीन मिनिटांच्या थांब्याने बिघडत नाही, इंजिन चालू ठेवलं तर ईसीयू तापमान बऱ्यापैकी सांभाळतो. खरी भीती वेगळी. फिल्टर काजळीने गच्च भरलेला आणि लालबुंद तापलेला असताना एकदम पाय काढून आयडलला आलं, तर एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन वाढतो आणि उष्णता वाहून नेणारा प्रवाह कमी होतो. काजळी आतल्या आत भडकते आणि सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. म्हणून टोल जवळ आला असेल तर तो ओलांडून मगच रीजनरेशनच्या मागे लागावं. नाइलाजाने गाडी बंद करावीच लागली तर पंखा नंतर काही मिनिटं फिरत राहील. बॅटरीची तार काढायची नाही, बॉनेटमध्ये हात घालायचा नाही. आणि वाळलेल्या गवतावर किंवा पालापाचोळ्यावर तर गाडी अजिबात उभी करू नये, आग लागते.

घाटाबद्दल गैरसमज फार. चढाला इंजिनावर भार असतो, एक्झॉस्ट सहज चारशेच्या वर जातो, तेवढा भाग उत्तम. उताराला मात्र उलटं. पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणं पूर्ण थांबवतात, इंजिन नुसती थंड हवा फिल्टरमधून ढकलतं आणि तापमान बघता बघता २०० च्या खाली जातं. त्या वेळी रीजनरेशन चालू असेल तर ते तुटतं, आणि तुटलेलं प्रत्येक रीजनरेशन म्हणजे ऑइलमध्ये आणखी थोडं डिझेल. मार्ग निवडायला मोकळीक असेल तर आधी तीस-चाळीस किलोमीटर सपाट हायवे आणि घाट नंतर. थेट घाटाकडे निघणं हा वाईट बेत आहे.

परतीला सपाटीवर पुन्हा आकडे घेतले. आयडलला दाबाचा फरक ०.६ किलोपास्कल. हा आकडा नेहमी त्याच आरपीएमला आणि गरम इंजिनावर ताडायचा, कारण गॅसचा प्रवाह वाढला की फरक वाढतोच. काजळीचे ग्रॅम हा बऱ्याच अंशी ईसीयूने मांडलेला हिशेब असतो, दाब प्रत्यक्ष मोजलेला असतो. हिशेब ‘साफ’ म्हणतोय आणि दाब वरच राहिलाय, असं झालं तर संशय राखेवर घ्यावा. काजळी जळते, राख जळत नाही. ती मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या धातूयुक्त रसायनांची असते आणि कितीही हायवे केला तरी आतच राहते. ती काढायला फिल्टर उतरवूनच साफ करावा लागतो.

ऑइलचा प्रश्न इथे पुन्हा येतो. डीपीएफच्या गाडीत कमी राखेचंच ऑइल लागतं: एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) च्या सी२ किंवा सी३ दर्जामध्ये सल्फेटेड अॅशची (ऑइल जळून उरणाऱ्या राखेची) मर्यादा ०.८ टक्के, सी४ आणि पूर्वीच्या सी१ मध्ये ०.५ टक्के. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं बघून समाधान मानू नका, तो नुसता घट्टपणा झाला. ए३/बी४ दर्जाचं ऑइलही त्याच घट्टपणाचं मिळतं आणि त्यात राख जास्त असते. गाडीच्या पुस्तकात दिलेला कंपनीचा मंजुरी क्रमांक डब्यावर शोधावा.

काही गाड्यांत इंधनात मिसळणाऱ्या द्रवाची वेगळी टाकी असते. प्यूजोने २००० साली ६०७ या गाडीत डीपीएफ आणला तो हीच पद्धत घेऊन. त्या द्रवाने काजळी साडेचारशे अंशांच्या आसपासच पेटते. ती टाकी रिकामी असेल तर हायवेचा उपयोग नाही. अॅडब्लूची (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या द्रवाची) टाकी मात्र वेगळी, तिचा काजळीशी संबंध नाही. दोन्ही टाक्यांच्या दिव्यांची गल्लत नेहमी होते.

दिवा गेला म्हणजे प्रश्न मिटला का, हे पुढचे काही शे किलोमीटर सांगतात. दोन रीजनरेशनमध्ये साधारण ३०० ते ८०० किलोमीटर जावेत. शे-दीडशेतच दिवा परत आला तर फिल्टरला दोष देऊ नका, फिल्टरच्या आधी, इंजिनात, काजळी जास्त तयार होतेय किंवा सेन्सर खोटं बोलतोय. पहिला संशय थर्मोस्टॅटवर (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप): तो उघडाच अडकला की हायवेवर कूलंट ७०-७५ अंशांवर रेंगाळतं, कोड बहुधा पी०१२८. मग टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा फाटका पाइप (पी०२९९), अडकलेला ईजीआर (पी०४०१), गळके इंजेक्टर, टर्बोमधून ओढलं जाणारं ऑइल. दाबाच्या सेन्सरच्या दोन रबरी नळ्या हाताने चाचपून बघा. उष्णतेने त्या चिरतात, सुटतात, आणि मग पी२४५२ किंवा पी२४५३ येतो. सेन्सर फिल्टरपेक्षा कितीतरी स्वस्त, पण आधी फिल्टर बदलून मग सेन्सर सापडल्याची उदाहरणं ढीगभर आहेत.

पी२४६३ आला म्हणजे काजळी मर्यादेपलीकडे गेली. तिथे वर्कशॉपमध्ये स्कॅनरने उभ्या गाडीवर रीजनरेशन करतात: मोकळ्या जागी, बॉनेट उघडं, अर्धा-पाऊण तास, आणि कोणीतरी सतत समोर. आधी ऑइलची पातळी बघायला सांगा, नंतर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायला सांगा. काजळी कंपनीच्या वरच्या मर्यादेपुढे गेली असेल तर चांगला मेकॅनिक हे करायला नकार देतो, आणि तो बरोबर असतो, कारण एवढी काजळी एकदम पेटली तर सिरॅमिक वितळतं. मग फिल्टर उतरवून धुणं, भट्टीत तापवणं किंवा नवा घालणं एवढेच पर्याय. पी२४२एफ असेल तर राख भरली, आणि त्यावर पुन्हा पुन्हा रीजनरेशन करून पैसेच जातात. ‘आतून पोकळ करून देतो’ म्हणणारा भेटेल. अनेक देशांत ते बेकायदा आहे, आणि ईसीयूला दाब सापडेनासा झाला की पी२४४ए लागतो तो लागतोच.

रोजचं अंतर कमीच राहणार असेल तर आठवड्यातून एकदा गरम इंजिनावर वीस-पंचवीस मिनिटं सलग २००० च्या वर चालवणं, आणि प्रत्येक रीजनरेशनच्या वेळचं ओडोमीटर टिपून ठेवणं, एवढं पुरतं. टिपलेलं अंतर चार-पाचशेवरून एकदम दोनशेवर आलं की दिव्याची वाट न बघता थर्मोस्टॅटपासून तपासायला सुरुवात करावी.