हाडातले पांढरे डाग

'हाडांत नवे डाग, आजार वाढल्याची शक्यता.' दुसरीकडे काढलेल्या सीटीचा हा रिपोर्ट घेऊन गोंदियाकडचा एक मुलगा आईला नागपूरला घेऊन आला होता. "दवाई लागलीच नाही म्हणते जी," तो दारातच म्हणाला.

स्तनाचा कॅन्सर हाडात गेला की गाठ केवढीही असो, स्टेज चौथीच. मावशींचं तसंच होतं. उपचारांआधीचा पेट-सीटी (सीटी हाडाची घडण दाखवतो, पेट आजार कुठे जागा आहे ते) आमच्याकडेच निघाला होता, तो आधी शोधून ठेवला. एकट्या स्कॅनवर मत देणं मला आवडत नाही.

शुगर 200 च्या आत होती. एफडीजीचं, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेल्या ग्लुकोजचं, इंजेक्शन देऊन त्यांना तासभर न बोलता पडून राहायला सांगितलं. बोललं की घशाचे स्नायू ते ग्लुकोज ओढतात आणि स्कॅनमध्ये उजळतात. (हे सांगितल्यावर नातेवाईकच जास्त बोलतात.) औषधाची किरणोत्सारी मात्रा 110 मिनिटांत निम्मी होते, त्यामुळे 'जरा चहा घेऊन येतो' चालत नाही.

मग दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. जुन्यात कमरेचा एक मणका पेटमध्ये लखलखत होता, पण सीटीत त्या जागी जवळपास काहीच नव्हतं. नव्यात बरोबर उलटं: सीटीत चुन्याचा थेंब पडावा तसा पांढरा डाग, आणि पेटमध्ये काळोख. दुसरा मणका, खुबा, बरगडी, सगळीकडे तेच. डाग नवे नव्हतेच. आजार विझला तिथे हाड भरून येत होतं, आणि भरलेलं हाड सीटीत दाट दिसतं. जुना पेट समोर नसेल तर कोणीही 'नवे डाग' लिहील. गाठीचं बरं असतं, व्यास मोजा, 30 टक्के घटला की अंशतः प्रतिसाद. हाडाला तशी फूटपट्टी लावता येत नाही.

अर्थात काही कॅन्सर, विशेषतः लोब्युलर (दूधग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकारचे, मुळातच पेटमध्ये फिके दिसतात; तिथे काळोखावर विसंबणं धोक्याचं. मावशींचा आजार आधी चांगलाच उजळला होता, म्हणून ठाम लिहिता आलं.

मावशींच्या ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, लगेच फोन लावला. ते औषध बदलायच्या बेतात होते. आता चालू गोळ्याच ठेवू म्हणाले.

"म्हणजे आई बरी झाली का जी?"

"बरी झाली असं नाही म्हणता येणार. पण दवाई लागली आहे. आणि हे बघ, सगळ्या सीडी एकाच पिशवीत ठेव. कुठेही स्कॅन काढायला गेलास की आधी पिशवी पुढे कर, मग रिपोर्ट माग."