तुम्ही विचारलंत म्हणून : प्रूनचा गर

आमच्याकडे आलेलं कुणीही सरबतासाठी बर्फ काढायला फ्रीजर उघडतं आणि थबकतं. बर्फाच्या दोन ट्रेंपैकी एकात काळपट, चकचकीत वड्या असतात. "चिंचेचा कोळ गोठवून ठेवलायस का गं?" हा पहिला प्रश्न. नाही, प्रूनचा, म्हणजे एका गोड सुक्या आलुबुखाराचा गर आहे, बाबांच्या पोटासाठी, असं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले. विकत मिळतो की, घरी कशाला करतेस? मनुकांनी होत नाही का? रोज किती देतेस? आमच्या इमारतीतल्या काकूंनी विचारलं, ऑफिसातल्या दोघींनी विचारलं, आता तुम्ही विचारलंत. म्हणून एकदा नीट सगळं लिहिते.

सुरुवात बाबांपासून झाली. दोन वर्षांपूर्वी पार्ल्याच्या घरी ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७९. ऑपरेशन व्यवस्थित झालं, घरी आणलं. वेदनाशामक गोळ्या सुरू, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू, दिवसभर अंथरुणावर. पाचव्या दिवशी त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. भूक नाही म्हणाले. मी खिमट केलं, टोमॅटोचं सार केलं, त्यांच्या आवडीचा गोडा भात केला. दोन घास खाऊन मान फिरवायचे. शेवटी त्यांचं सगळं करायला येणाऱ्या मावशींनी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं, "ताई, साहेबांचं पोट पाच दिवस साफ नाही झालं. तुम्हाला सांगू नको म्हणालेत."

माझ्या पोटात खड्डा पडला. मुलीला काय सांगायचं, या संकोचापायी त्यांनी पाच दिवस काढले होते. भांडं मागायला लागू नये म्हणून पाणीही मोजकंच पीत होते, हे त्यानंतर कळलं. काही वेदनाशामक गोळ्यांनी आतड्यांची हालचाल मंदावते, लोहाच्या गोळ्यांनी मल घट्ट होतो, त्यात पाणी कमी आणि चालणं बंद. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, आठवडाभर एक औषध दिलं आणि त्यापुढे रोजच्या खाण्यात प्रून घ्यायला सांगितलं.

काळ्या मनुका रात्री भिजत घालून सकाळी खायच्या, हे आपल्या घराघरांत चालतं आणि ते चांगलंच आहे. पण प्रूनमध्ये एक गोष्ट आहे, जी मनुकांमध्ये नावापुरतीच असते. सॉर्बिटॉल. ही साखरेच्या कुळातली, पण लहान आतड्यात पुरती न शोषली जाणारी. ती मोठ्या आतड्यापर्यंत पोचते आणि तिथे पाणी ओढून धरते, त्यामुळे मल मऊ राहतो. शंभर ग्रॅम प्रूनमध्ये सॉर्बिटॉल साधारण १४-१५ ग्रॅम आणि तंतू, म्हणजे फायबर, ७ ग्रॅमच्या आसपास. २०११ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जुनाट बद्धकोष्ठाच्या ४० जणांना तीन आठवडे रोज १०० ग्रॅम प्रून आणि तीन आठवडे इसबगोल असं आलटून पालटून दिलं होतं. दोन्हींतले तंतू सारखे ठेवले, तरी प्रूनचा गुण जास्त आला. इसबगोलाबद्दल माझी काही तक्रार नाही, पण त्याला भरपूर पाणी लागतं. मोजून चार घोट पिणाऱ्या माणसाला ते देणं मला धोक्याचं वाटलं.

मग अख्खे प्रूनच का नाही? बाबांची कवळी. प्रूनची साल कवळीखाली जाऊन चिकटते आणि हिरडीला टोचते. बाटलीतला रस गाळलेला असतो, त्यात तंतू फारसे उरत नाहीत. बाळांसाठी तयार गराच्या पुड्या मिळतात, पण त्या महाग, एवढ्याशा आणि पुष्कळदा निम्म्या सफरचंदाने भरलेल्या. घरचा गर करायला अर्धा तास लागतो, त्यातही बराचसा वेळ नुसतं भिजण्यात जातो.

खरेदीत मी पहिल्यांदा चुकले. दादरला सुक्या मेव्याच्या दुकानात जाऊन "सुकं आलुबुखार द्या" म्हटलं. त्यांनी बिर्याणीतलं दिलं, सुरकुतलेलं, आत बी असलेलं, जिभेला झिणझिण्या आणणारं आंबट. चूक माझीच होती, कारण मुंबईत सुकं आलुबुखार म्हटलं की बिर्याणीच डोळ्यांपुढे येते. आपल्याला हवं ते गोड, मऊ, बिनबियांचं काळं फळ. त्याला दुकानातही प्रूनच म्हणतात. ते वेगळ्या जातीच्या आलुबुखाराचं असतं, इतकं गोड की बीसकट वाळवलं तरी आंबत नाही. फ्रान्समधल्या आजाँच्या या जातीच्या फांद्या १८५६ साली कॅलिफोर्नियात नेऊन तिथे कलमं केली. आज कॅलिफोर्नियातले प्रून जगभर जातात, आपल्या क्रॉफर्ड मार्केटातही दिसतात. ताज्या तीन किलोंचे वाळून जेमतेम एक किलो होतात, म्हणून ते खजुरापेक्षा बरेच महाग. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचाच. वरून साखर किंवा ग्लुकोजचा पाक लावलेले घेऊ नका.

आता कृती. २०० ग्रॅम प्रून, म्हणजे साधारण बावीस-तेवीस. प्रत्येक फळ बोटांनी दाबून बघायचं. पाकिटावर बिनबियांचे असं लिहिलेलं असलं तरी दाबायचं, कारण एखाद्यात बी राहतेच. माझ्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात एकदा 'ठक' असा आवाज आला. उघडलं तर गरात बीच्या कवचाचे बारीक, टोकदार तुकडे. गाळून घेता आला असता, पण बाबांच्या घशाचा विचार आला आणि सगळा टाकून दिला. तेव्हापासून पोहे निवडावेत तसे मी प्रून निवडते. मग स्टीलच्या पातेल्यात घालून वरून २५० मिलिलिटर उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवायचं. अर्ध्या तासात फळं फुगतात, साल सैल होते, पाणी कोकमाच्या आगळासारखं गडद होतं. हे पाणी अजिबात फेकायचं नाही. सॉर्बिटॉल पाण्यात विरघळतं, म्हणजे गुणाचा बराचसा भाग त्या पाण्यात उतरलेला असतो. त्याच पाण्यासकट मिक्सरमधून काढायचं. आधी थांबत थांबत, मग सलग मिनिटभर. थांबून भांड्याच्या कडा खरवडून पुन्हा फिरवलं की सालीचा एकही तुकडा लागत नाही. साखर, गूळ, मीठ, लिंबू काहीही नको. चमच्यावरून जाड धारेनं ओघळला, की गर झाला.

रात्रभर ओट्यावर भिजत ठेवू नका. हे मी मे महिन्यात करून पाहिलंय. सकाळी पातेल्यावर फेस आणि आंबूस वास. मुंबईच्या दमट उकाड्यात गोड पाण्याचं दुसरं काय होणार! रात्रभर भिजवायचेच असतील तर फ्रीजमध्ये. तयार गर फ्रीजमध्ये काचेच्या बरणीत चार-पाच दिवस राहतो, तोही कोरडा चमचा घातला तरच. उरलेला मी बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवते. माझ्या ट्रेच्या एका खणात जवळपास दीड मोठा चमचा मावतो, म्हणजे अंदाजे दीड प्रून. हा हिशेब एकदा बसला की रोज मोजत बसावं लागत नाही.

किती द्यायचं, हे विचारलंत ते फार बरं केलंत. मी पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात अर्धी वाटी दिली होती. त्या रात्री बाबांचं पोट फुगलं, कळा आल्या, चार वेळा उठावं लागलं, तेही वॉकर धरून. त्यांचा चेहरा आठवला की मला अजून वाईट वाटतं. सॉर्बिटॉल मोठ्या आतड्यात आंबतं आणि वायू होतो, त्यामुळे एकदम जास्त दिलं की हेच होतं. नंतर रात्री एक वडी, सोबत पेलाभर कोमट पाणी. तीन दिवसांनी सकाळची आणखी एक. दोन वड्यांवर गाडी रुळावर आली ती आजतागायत. अभ्यासातलं रोजचं प्रमाण याच्या चौपट होतं, पण बाबांना एवढंच पुरतं. तुमच्याकडच्या माणसाला कमी लागेल किंवा जास्त, ते चार दिवस सबुरीनं बघायचं. पाण्याचा पेला मात्र सुटता कामा नये.

काहींना हे विचारल्याशिवाय देऊच नका. प्रूनमध्ये पोटॅशियम बरंच असतं, त्यामुळे किडनीचा त्रास असलेल्यांना आधी डॉक्टरांचा होकार हवा. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व लक्षात घ्या. ते प्रूनमध्ये असतं, म्हणून डॉक्टरांना सांगून रोज सारखंच प्रमाण ठेवा. मधुमेह असेल तर ते दिवसाच्या फळात धरा, फळाच्या वर नाही. सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी विचारणाऱ्या आयांना माझं सांगणं असं, की गर दहा मिनिटं शिजवून, गाळून, बाळाच्या डॉक्टरांना विचारून छोट्या अर्ध्या चमच्यानं सुरू करा. वर्षाच्या आत त्यात मध कधीही घालू नका. आणि मलातून रक्त, उलट्या, फुगून कडक झालेलं पोट, असं काही दिसलं तर गर विसरा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाबांना नुसता गर आवडत नव्हता. "काढा पाजतेस का मला?" म्हणाले. मग गरम पोळीला साजूक तूप लावून वर गुळांब्यासारखा गर पसरला आणि सुरळी करून दिली. ती आवडली. आता दह्यातही चालतो. भेळेच्या गोड चटणीत निम्म्या खजुराऐवजी प्रून घालून पाहा, रंग सुरेख येतो. केकमध्ये १०० ग्रॅम लोण्याऐवजी ५० ग्रॅम लोणी आणि ५० ग्रॅम घट्ट गर घेते. त्यासाठी भिजवताना पाणी निम्म्याहून कमी घालायचं. गर ओलावा धरून ठेवतो, म्हणून कोकोचा केक तिसऱ्या दिवशीही मऊ असतो. नानकटाईत मात्र घालू नका. तिचा खुसखुशीतपणा सगळा तुपाचा, गरानं ती चामट होते.

आमच्या घरात गरापेक्षा मोठा बदल वेगळाच झाला. सकाळच्या चहाबरोबर मी "झालं का?" असं विचारते आणि बाबा "झालं" किंवा "आज नाही गं" असं सरळ सांगतात. पहिले काही दिवस ते पेपरात तोंड खुपसायचे. आता मी विचारायची राहिले तर स्वतःहून सांगतात. "आज नाही" असं दोन दिवस आलं, की मी आधी गोळ्यांची पाकिटं बघते आणि कालची पाण्याची बाटली किती रिकामी झाली ते बघते.

काठी टेकत फ्रीजरपर्यंत आता ते एकटे जातात. काल रात्री तिथूनच हाक आली, "अगं, चारच उरल्यात." प्रून निवडून पातेल्यात भिजत घातलेत. हे लिहून झालं की वाटायचेत.