गव्हातलं निदण: बडोद्यातल्या गच्चीवरची हंगामी नोंद

बायबलमधल्या मत्तय 13:24-30 मधला निदणाचा दाखला क्रेटमध्ये पेरून पाहायचा, हा यंदाच्या हंगामाचा उद्योग. दाखला असा: शत्रू गव्हात निदण, म्हणजे तण, पेरून जातो; चाकर ते उपटू का विचारतात, पण धनी म्हणतो, सोबत गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. दाखल्यातलं निदण म्हणजे बायबलच्या प्रदेशातलं लोलियम टेम्युलेंटम हे गवत, असं साधारण मानलं जातं. इथे त्याच्या जागी गुल्लीदंडा घेतला आहे, म्हणजे फॅलॅरिस मायनर. त्याचं बी विकत आणावं लागत नाही. न निवडलेला गहू चाळला की चाळणीखाली करडं, चकचकीत, साधारण तिळाएवढं बी पडतं, तेच हे.

नोव्हेंबर

क्रेट 60 × 40 सेंमीचे, आत माती किमान 25 सेंमी. उथळ कुंडी नको. तिच्यात सगळीच मुळं तळाशी गोळा होतात आणि उपटण्याच्या चाचणीला अर्थ उरत नाही. मिश्रण असं: दोन घमेली गोराडू (गुजरातेतली रेताड-पोयट्याची) माती, एक घमेलं शेणखत, अर्धं घमेलं वाळू. शेणखत पुरतं कुजलेलं हवं, कारण कच्च्या खतातून न पेरलेलं तण वर येतं आणि नोंदवहीचा घोळ होतो.

गहू लोक-1. भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचं हे वाण, आपल्या धान्यबाजारात सहज मिळतं. पेरणी 15 ते 25 नोव्हेंबरच्या दरम्यान. त्याआधी उष्मा असतो आणि फुटवे कमी येतात. फार उशीर केला तर दाणा भरताना मार्चचं ऊन गाठतं आणि तो सुरकुततो. एका क्रेटमध्ये ओळीत पेरायचं, दुसऱ्यात फोकून, म्हणजे विखरून. गहू 4-5 सेंमी खोल, गुल्लीदंडा जेमतेम 1 सेंमी.

दोन पानांवर

इथेच खरी मजा आहे. नुसत्या डोळ्यांना दोन्ही रोपं सारखीच दिसतात. गुल्लीदंड्याचा बुडखा गुलाबी-लालसर असतो खरा, पण या एका खुणेवर विसंबू नये. थंडीत गव्हाचाही बुडखा कधी जांभळट होतो. दहापट भिंगातून पान आणि खोड जिथे जुळतात तो सांधा पाहायचा. गव्हाला तिथे खोडाला कवळणारी, बारीक लव असलेली नखांसारखी दोन टोकं असतात. गुल्लीदंड्याला ती नसतात. त्याऐवजी पातळ, पांढरट, उंच पापुद्रा उभा असतो.

संडेस्कूलच्या मुलांना क्रेट दाखवला की त्यांचे हात लगेच उपटायला धावतात. त्यांना भिंग देऊ नका, लाल लोकरीचे तुकडे द्या. ज्या रोपाचा संशय येईल त्याच्या बुडख्याला सैलसर धागा बांधायचा आणि ओंबी येईपर्यंत हात लावायचा नाही. धागा बांधलेल्यांत गव्हाची रोपं हमखास निघतात, आणि बहुतेक वेळा ती कोणती? जास्त खोल पडलेली, सावलीतली, उशिरा उगवलेली. म्हणजे बारीक आणि फिकट. एखाद्याचा विश्वास अशक्त दिसला की त्याला निदणात मोजण्याची जी घाई चर्चच्या मंडळीत होते, तिच्यावर लांबलचक प्रवचनापेक्षा हा धागा बरा.

डिसेंबर: उपटून पाहणं

पेरणीनंतर 21 दिवसांच्या सुमारास गव्हाला मुकुटमुळं, म्हणजे बुडख्यातून निघणारी नवी मुळं, फुटतात. त्या वेळचं पाणी चुकलं तर फुटवे गेलेच समजा. आधीच्या टप्प्यावर, म्हणजे दोन-तीन पानं असताना, पाणी दिल्यावर बुडाशी चिमटीत धरून ओढलं तर तण मुळासकट अलगद येतं. मुकुटमुळं पसरली की चित्र पालटतं. 35-40 दिवसांच्या सुमारास फोकलेल्या क्रेटमधून एक गुल्लीदंडा ओढला तर मातीचं ढेकूळ वर येतं, शेजारचा गहू कलंडतो आणि पुढे पिवळा पडतो. ओळीच्या क्रेटमध्ये नुकसान कमी, कारण दोन ओळींमधलं तण निदान ओळखू येतं आणि सुटं असतं.

म्हणून 29व्या वचनातला धनी निदणावर दया करतोय असं वाचू नये. त्याला काळजी गव्हाची आहे, आणि ती काळजी मुळांच्या हिशोबाने अगदी रास्त आहे.

पण दाखला कुठे लावायचा, यात बरीच गल्लत होते. 13:38 मध्ये येशूने स्वतःच सांगितलंय की शेत म्हणजे जग. ते आपलं अंतःकरण नाही. तरीही ‘कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या’ हे स्वतःच्या रागालोभाला लावून बसणारे पुष्कळ. तिथे इब्री 12:15 लागू पडतं: कडूपणाचं मूळ अंकुरू देऊ नका. क्रेटमधल्या दोन नोंदी त्यासाठीच वेगळ्या ठेवायच्या. दुसऱ्याविषयीचा निर्णय चाळिसाव्या दिवसाच्या नोंदीसारखा, थांबण्याचा. स्वतःतलं तण दोन पानांवरच काढण्याचं.

जानेवारी

विशेष काही नाही. ढगाळ हवेत मावा दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब, फवारणी संध्याकाळी. युरिया टाकायचा मोह आवरावा. पाला माजला की मावा वाढतो.

याच काळात काचेच्या ग्लासात टीपकागद लावून गव्हाचे दाणे रुजवता येतात, योहान 12:24 साठी: गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तर पुष्कळ पीक देतो. दाणा ‘मेला’ की नाही यावर वाद घालण्याआधी दोन आठवड्यांनी तो दाबून पाहा. आतलं पिठूळ रोपाने संपवलेलं असतं, बोटाला रिकामं टरफल लागतं. अंकुर मात्र सुरुवातीपासून जिवंत होता. खरोखर मेलेला दाणा भिजून नुसता बुरसतो. तेव्हा या वचनातलं मरण म्हणजे जवळचं सगळं ओतून टाकणं, असं मुलांना दाखवून सांगता येतं.

फेब्रुवारी-मार्च

ओंब्या आल्या की भिंगाची गरज संपते. गुल्लीदंड्याचं कणीस गच्च, लांबट-गोल, हिरवट पांढरं. आता धागे तपासून घ्यायचे.

इथे आपला पर्याय दाखल्याशी जुळत नाही, आणि ते वहीत स्पष्ट लिहावं. गुल्लीदंडा गव्हाच्या आधी पिकतो आणि बी झाडतो. मूळ निदण गव्हाबरोबर पिकतं, दाणा धरून ठेवतं आणि खळ्यापर्यंत येतं. म्हणूनच 30व्या वचनात कापणारे आधी निदणाच्या पेंढ्या बांधतात. त्याच्या दाण्यात बुरशी राहते आणि असे दाणे पिठात गेले तर चक्कर, उलट्या होतात. आपल्या क्रेटमध्ये मात्र गुल्लीदंड्याची कणसं फुलोऱ्यातच कात्रीने छाटावी, रोप तसंच ठेवावं.

गहू साधारण 110 दिवसांनी, दाणा दाताखाली कडकन फुटला की कापायचा. चिमण्या-पोपटांसाठी जाळी त्याआधी तीन आठवडे. एकूण वजनाची तुलना करत बसू नका. कडेच्या रोपांना उजेड जास्त मिळतो आणि आकडा फुगतो. कडेची एक रांग सोडून प्रत्येक रोपाच्या ओंब्या मोजा. छाटलेली कणसं कंपोस्टात टाकू नयेत, अर्धवट कुजलेल्या ढिगात बी तगतं. पुढच्या पेरणीपुरतं चाळणीखालचं बी बरणीत ठेवून बाकीचं जाळून टाकावं.