पोर्टवरचा दिवा लागतो, पण पलीकडे कोण आहे?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात नेटवर्कचा नकाशा नव्याने काढायचं काम माझ्याकडे आलं. वायरी ओढणारा केव्हाच काम सोडून गेलेला, केबलवर चिठ्ठ्या नाहीत, आणि रॅकमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारे डबे. केबल जिथे खोचतात तो पोर्ट. तिथले वायरमन मामा म्हणाले, "दिवा लागतोय की साहेब, म्हणजे चालूच आहे." खरंय, पण दिवा फक्त लिंक, म्हणजे जोडणी आहे एवढंच, सांगतो. समोर कोण आहे ते सांगायला एलएलडीपी लागतं, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना आपली ओळख सांगायची पद्धत.

मुख्य स्विच सिस्कोचा. त्याचं स्वतःचं सीडीपी, म्हणजे ओळख सांगायची सिस्कोची खास पद्धत, आधीपासून चालू होतं, पण ते बाकीच्या कंपन्यांच्या स्विचना कळत नव्हतं. एलएलडीपी हे आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ८०२.१एबी नावाचं सामायिक मानक आहे, २००५ पासूनचं. सिस्कोवर 'शो एलएलडीपी' ही कमांड दिली तर ते बंदच निघालं. 'एलएलडीपी रन' देऊन चालू केलं, बाकीच्या स्विचवरही केलं, आणि थोडं थांबलो. थांबावंच लागतं, कारण पोर्ट साधारण दर ३० सेकंदांनी आपली ओळख पाठवतो, आणि शेजारी गप्प झाला तरी त्याची नोंद १२० सेकंद टिकते. केबल काढल्या काढल्या यादी बघून निष्कर्ष काढू नये.

खरी माहिती 'शो एलएलडीपी इंटरफेस'मध्ये मिळते. प्रत्येक पोर्टचं पाठवणं आणि घेणं तिथे वेगवेगळं दिसतं. डाईंग खात्याकडे जाणाऱ्या पोर्टवर पाठवणं चालू, घेणं बंद होतं. म्हणून पलीकडच्या स्विचला आम्ही दिसत होतो, आम्हाला तो नाही. 'एलएलडीपी रिसीव्ह' दिल्यावर तो यादीत आला. 'वेट फॉर फ्रेम' वाचून काही जण घाबरतात. ती बिघाडाची खूण नाही, पोर्ट नुसता वाट बघतोय. 'वेट पोर्ट ऑपर' असेल तर मात्र लिंकच खाली आहे, केबल बघा.

फोल्डिंग खात्याच्या पोर्टवर दोन शेजारी दिसले. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एलएलडीपीची फ्रेम, म्हणजे ओळखीचा निरोप, मानकाप्रमाणे पुढच्या स्विचच्या पलीकडे जायला नको, पण साधे, सेटिंग नसलेले बरेच स्विच ती तशीच पुढे ढकलतात. म्हणजे मध्ये असा एखादा डबा असणार. मामांनी शिडी लावली आणि तो पत्र्याखाली, सुताच्या भुग्यात, सापडला.

काही पोर्ट रिकामेच राहिले. कॅमेरे, प्रिंटर, साधे संगणक अनेकदा एलएलडीपी बोलत नाहीत, त्यामुळे रिकामी ओळ म्हणजे रिकामा पोर्ट नव्हे. तिथे 'शो मॅक ॲड्रेस टेबल' उपयोगी पडलं; कोणत्या पोर्टवर कोणत्या उपकरणाचा मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, दिसतोय ते त्यात कळतं. सापडेल तसं प्रत्येक पोर्टच्या सेटिंगमध्ये डिस्क्रिप्शन, म्हणजे ओळखीची टीप, लिहीत गेलो.

इंटरनेटच्या बाहेरच्या लाइनवर मात्र पाठवणं आणि घेणं दोन्ही बंद ठेवलं. स्विचचं नाव, मॉडेल, आवृत्ती परक्यांना का सांगायची? मग कॉन्फिग सेव्ह केलं.