डावा हात

मागच्या महिन्यात बाबा कॉलेज रोडवर सायकलवरून पडले. रस्त्याच्या कडेला एक कार उभी होती. तिच्या बाजूने ते पुढे जात असताना आतल्या मुलाने मागे न बघता दार उघडलं. दाराची कड हँडलला लागली, सायकल आडवी झाली आणि बाबा उजव्या खांद्यावर आपटले. कॉलर बोन मोडलं. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने वेळेत ब्रेक दाबला, म्हणून तेवढ्यावरच निभावलं.

दादाचा फोन आला तेव्हा नाशिकला सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेख्टला, सहा. अर्ध्या तासाने बाबांचा आवाज ऐकला तेव्हा कुठे जिवात जीव आला. तक्रार करायला ते तयार नव्हते. "जाऊ दे गं, पोरगा घाबरला होता. त्यानेच तर दवाखान्यात नेलं," एवढंच म्हणाले.

बाबांनी तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात नोकरी केली, आणि तीही सायकलवरून जाऊन. पंचवटीतून निघायचं, होळकर पूल ओलांडायचा, त्र्यंबक नाक्यावरून सातपूर गाठायचं. पहिली पाळी असली की अंधारातच निघायचे. डायनॅमो चाकाला टेकला की घर्रर्र आवाज व्हायचा, त्या आवाजानेच मला जाग यायची. सुटीच्या दिवशी दांडीवर टॉवेल गुंडाळून मला पुढे बसवत आणि रामकुंडावर नेत. तेव्हा कुणाला भीती वाटायची नाही. आज तोच माणूस, त्याच शहरात, भाजी आणायला सायकल काढतो तेव्हा आई तो परत येईपर्यंत गॅलरीत उभी राहते.

त्या दाराबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण त्याचा उपाय अगदी साधा आहे आणि मी तो इथे आल्यावर शिकले.

इथलं लायसन्स काढताना मला ड्रायव्हिंगचे धडे घ्यावे लागले. पहिल्या दिवशी गाडी थांबवून मी सवयीने दाराकडे हात नेला, तर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "नाही. दुसरा हात." इथे चालक डावीकडे बसतो, दार डाव्या बाजूला असतं, पण ते उघडायचं उजव्या हाताने. मला वाटलं, ही काय कसरत! पण उजवा हात डाव्या दाराच्या कडीपर्यंत न्यायचा तर कमरेतून वळावंच लागतं. कमरेबरोबर खांदा फिरतो, मान फिरते आणि नजर आपोआप आरशावरून मागच्या रस्त्यावर जाते. मागे बघायचं लक्षात ठेवावं लागत नाही, हातच बघायला लावतो. त्या बाईंनी माझ्याकडून ते पाच वेळा करून घेतलं. मग म्हणाल्या, "आता दार आधी बोटभर उघड, थांब, बघ, मग पूर्ण उघड."

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून आपला हात डावा. मागच्या सीटवर डावीकडे बसलेल्याने उजवा हात वापरायचा, कारण कडेने येणारा सायकलवाला त्याच बाजूने येतो. याला ना पैसा लागतो, ना महापालिकेचा ठराव. बाबांना पाडणाऱ्या मुलाला हे कुणी शिकवलं असतं तर त्यालाही तो दिवस आयुष्यभर आठवत बसावा लागला नसता.

दुसरी गोष्ट माझ्या लेकीच्या शाळेतली. एके दिवशी शाळेच्या पटांगणात भला मोठा ट्रक आणून उभा केला. एकेका मुलाला केबिनमध्ये चालकाच्या जागी बसवलं आणि बाकीच्या अख्ख्या वर्गाला ट्रकच्या उजव्या बाजूला, चाकाजवळ उभं केलं. लेक केबिनमधून खाली उतरली ती गप्पगप्पच होती. घरी येताना म्हणाली, "आई, आरशात कुणीच नव्हतं. सगळा वर्ग नाहीसा झाला होता." डच भाषेत या जागेला 'दोदे हूक' म्हणतात, म्हणजे मेलेला कोपरा. मोठी गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतून कोपरा कापतात. त्या आतल्या बाजूला सायकलवाला असला तर चालकाला तो दिसत नाही आणि सायकलवाल्याला वाटत राहतं की आपण दिसतोय. आपल्याकडे ही बाजू डावी. अंबड, सातपूरकडे जाणाऱ्या ट्रकच्या डाव्या अंगाला, सिग्नलवर, सायकल घालून उभे राहणारे कितीतरी कामगार मी पाहिले आहेत. बाबाही त्यातलेच. रस्त्याच्या कडेला राहिलं की सुरक्षित, असंच त्यांना वाटायचं. ट्रकच्या मागे थांबा किंवा चालकाची नजर पडेल इतकं पुढे जा, पण शेजारी उभं राहू नका, हे त्यांना तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

'तिकडचे लोकच शिस्तीचे, आपल्याकडे जमायचं नाही,' असं नातेवाईक म्हणतात तेव्हा मला राग येतो. हे लोक जन्मतःच शिस्तीचे नव्हते. 1971 साली या छोट्याशा देशात रस्त्यांवर 3,000हून जास्त माणसं मेली आणि त्यात 400हून जास्त मुलं होती. विक लांगेनहोफ या पत्रकाराची लेक शाळेत सायकलने जाताना अपघातात गेली. त्याने 1972 मध्ये वर्तमानपत्रात लिहिलं, 'मुलांची हत्या थांबवा'. तेच शब्द घेऊन आईबाप रस्त्यावर उतरले. 1973 मध्ये तेलाचा तुटवडा आला, काही रविवार गाड्या बंद ठेवाव्या लागल्या आणि मोकळ्या रस्त्यांवर लोक सायकली घेऊन फिरले. पुढे वर्षानुवर्षं लोकांनी पाठपुरावा केला, भांडले, तेव्हा आजचे लाल डांबराचे सायकलमार्ग मिळाले. उट्रेख्टच्या स्टेशनखाली आज 12,500 सायकली ठेवायची तीन मजली जागा आहे. काही गल्ल्यांच्या तोंडाशी पाटी असते, 'मोटार इथे पाहुणी'. मोटार जाऊ शकते, पण सायकलच्या मागून, सायकलच्या वेगाने.

कायदाही दुबळ्याच्या बाजूने वाकलेला आहे. मोटारीची सायकलस्वाराला किंवा पायी चालणाऱ्याला धडक बसली आणि तो 14 वर्षांखालचा असला, तर नुकसानभरपाईचा जवळजवळ सगळा भार मोटारवाल्याच्या विम्यावर येतो. मोठं माणूस असेल तर त्याची थोडी चूक असली तरी निदान अर्धा भार. याचा अर्थ मोटारवाला गुन्हेगार ठरतो असा नाही. ज्याच्या हातात टनभर लोखंड आहे त्याने जास्त सांभाळायचं, इतकाच. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये सुधारणा झाली आणि कलम 164 आलं. मोटार अपघातात चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. हे माझ्या माहितीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना तर नाहीच.

सायकलवाल्यांनाही इथे मोकळं सोडत नाहीत, आणि ते मला पटतं. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. 2019 पासून सायकल चालवताना हातात मोबाईल धरला तरी दंड. वळायच्या आधी हात दाखवायचा. पहिल्या आठवड्यात मी हात न दाखवता वळले, तर मागून येणाऱ्या एक आजी मला थांबवून म्हणाल्या, "तू काय करणार आहेस हे मला कळायला नको का?" तो प्रश्न माझ्या मनात रुतून बसला आहे. राँग साइडने येणारा, बिनदिव्याचा सायकलवाला समोरच्याला काहीच कळू देत नाही. मग त्याला सांभाळून घ्यायचं तर कसं?

नाशिकला सायकलचं प्रेम कमी नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका सायकलने पार करायची शर्यत, पूर्ण केली तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले होते. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते. पहाटे गंगापूर धरणाकडे हेल्मेट घातलेल्यांचे जथे दिसतात, ते पाहून बरं वाटतं. पण ते रहदारी सुरू व्हायच्या आत घरी पोचतात. रहदारीतच सायकल काढावी लागते ती सिक्युरिटी गार्डला, पेपरवाल्याला, क्लासला जाणाऱ्या मुलीला. शहरात सायकलचा विषय निघाला की मला आधी ही माणसं आठवतात. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद करायची कामं चालू आहेत. रुंद रस्त्यावर गाड्या आणखी सुसाट जातील. सायकलसाठी नुसत्या पांढऱ्या पट्ट्याने आखलेल्या मार्गावर दुसऱ्याच दिवशी गाड्या उभ्या राहतात, तेव्हा मध्ये उंच कठडा लागेल, आणि तो आत्ता, खडी पडलेली असतानाच बांधायला हवा.

काल व्हिडिओ कॉलवर दादाने दाखवलं. त्याने कारच्या उजव्या दाराच्या कडीला राखीचा जुना लाल धागा बांधलाय. उजवा हात कडीवर गेला की धागा बोटांना लागतो आणि तो हात मागे घेतो. त्याचा चौथीतला मुलगा मागून ओरडतो, "बाबा, चुकलं!" माझे बाबा शेजारी बसून हसत होते, हात अजून गळ्यात. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत. सायकल मात्र त्यांनी आधीच दुरुस्तीला टाकली आहे.

दिवाळीत येताना मी दोन लाल दिवे आणते आहे. एक बाबांच्या मडगार्डला लावायचा. दुसरा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलासाठी. तो रात्री आठ वाजता क्लास सुटल्यावर मखमलाबाद नाक्याकडून सायकलने घरी येतो, आणि त्याच्या सायकलला मागे काहीच नाही.