शनिवारच्या पुड्या आणि आपले सर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं, खाली 'मनोगत पाठवा' असं होतं, आणि तेव्हाच ठरवून टाकलं की मी लिहिणार ते फक्त सरांवर. स्नेहसंमेलन, कबड्डीची ढाल, मागचं मैदान यावर बाकीचे लिहितीलच. सर म्हणजे विज्ञानाचे सर. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की दुसरं कोणी डोळ्यासमोर येतच नाही, त्यामुळे नाव लिहायची गरज नाही.

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचे दोन तास प्रयोगशाळा. टेबलावर वर्तमानपत्राच्या पुड्या मांडलेल्या, प्रत्येकीवर नुसता नंबर आणि आत पांढरी पावडर. मीठ, पिठीसाखर, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, मैदा, तुरटीची पूड, कॅरमची बोरिक पावडर, सगळं वाण्याकडचं नाहीतर घरातलं. ओळखायला सामान तरी काय, पाणी, लिंबाचा रस, मेडिकलमधनं आणलेलं टिंक्चर आयोडीन, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले टीपकागदाचे तुकडे, चुन्याची निवळी आणि स्पिरिटचा दिवा. आयोडीनने काळंनिळं झालं की पिष्ट, हळदीचा कागद लाल झाला की आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं (इथे सर हमखास सांगायचे की हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर), दिव्यावर धरलं की साखर वितळून काळी पडते आणि तुरटी फुगून तिची लाही होते. दोन सोड्यांमधला फरक तर मी आजही झोपेतनं उठवलं तरी सांगेन. लिंबू दोन्हीवर फसफसतं, पण परीक्षानळीत नुसतं तापवलं की खायच्या सोड्यातनं कार्बन डायऑक्साइड निघतो आणि निवळी दुधाळ होते, धुण्याच्या सोड्याने होत नाही.

सरांचे नियम कडक होते. चव घ्यायची नाही, समोर मीठ आहे याची खात्री असली तरी नाही, कारण शेजारच्याच पुडीत झुरळं मारायची बोरिक पावडर असू शकते. आणि वहीत मधोमध रेघ मारायची, डावीकडे 'काय दिसलं', उजवीकडे 'काय वाटलं'. डावीकडे 'सोडा' हा शब्द दिसला तर सर वही परत द्यायचे. सोडा दिसत नाही, बुडबुडे दिसतात, असं म्हणायचे. कधी कधी दोन वेगळ्या नंबरांच्या पुड्यांत एकच पावडर भरून ठेवायचे आणि दोन्हीची उत्तरं जुळतात का ते बघायचे. असा विचार करून शिकवणारा माणूस मला नंतर कॉलेजातही भेटला नाही, हे अगदी मनापासून लिहितेय.

आता तो पुडी नंबर पाचचा किस्सा. आमच्या बॅचला आठवत असेल. बहुतेक गटांनी पाच नंबरवर थेट लिंबू पिळलं, फसफसलं, लिहिलं 'खायचा सोडा' आणि मोकळे झाले. आमच्या गटात कुंभारवाड्यातली एक मैत्रीण होती, अतिशय शिस्तीची, ती म्हणाली आधी नुसतं पाणी टाकायचं म्हणजे टाकायचं, सरांनी क्रम दिलाय तसाच. पाणी टाकलं तर पाण्यातच फसफसायला लागलं! सोडा पाण्यात नुसता विरघळतो हे माहीत होतं, मग हे काय? सरांनी सगळा वर्ग थांबवला, आमची वाचग्लास, म्हणजे काचेची उथळ बशी, सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "नाव नका सांगू, आत काय काय आहे ते सांगा."

आयोडीन टाकलं, काळंनिळं. म्हणजे पिष्ट आहे. कोणीतरी म्हणालं सोड्यात मैदा मिसळलाय. सर म्हणाले मग मिसळून बघा की. आम्ही मैदा आणि सोडा एकत्र करून पाणी टाकलं, काही नाही, गप्प पिठूळ पाणी. मग तीच मैत्रीण म्हणाली, लिंबू आपण टाकलं नाही तरी फसफसतंय म्हणजे आंबट काहीतरी आतच असणार, कोरडं. सरांनी कपाटातनं सायट्रिक ॲसिड काढून दिलं. तिन्ही कोरडी एकत्र केली, मिनिटभर बघत बसलो, काहीच झालं नाही, आणि पाण्याचे दोन थेंब टाकले तर पाच नंबरसारखंच फसफसलं. वर्गात जो ओरडा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या होत्या.

नंतर सरांनी पिशवीतनं पुण्याहून आणलेला डबा काढला, बेकिंग पावडर. आमच्यापैकी कोणाच्याही घरी ती कधी आली नव्हती. म्हणूनच ती आणली होती, कारण मीठ-साखर आपण सवयीने ओळखतो आणि जी वस्तू आयुष्यात पाहिलीच नाही तिथे सवय चालत नाही. सगळ्यांना वाटलं डब्यातलं पीठ ही भेसळ, तर सरांनी सांगितलं की ते मुद्दाम घालतात, हवेतली ओल धरून ठेवायला, म्हणजे सोडा आणि आम्ल डब्यातच एकमेकांना भिडत नाहीत. आम्ल मात्र आम्ही वापरलेलंच असेल असं नाही, वेगवेगळे आम्लधर्मी क्षार वापरतात, हेही त्यांनी आवर्जून लिहून घ्यायला लावलं.

आज मी एका डेअरीच्या लॅबमध्ये आहे. सकाळी कॅन यायला लागले की फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि मग भेसळीच्या टेस्ट. पिष्टाला तेच आयोडीन. सोडा टाकून आंबट दूध दडपलंय का बघायला रोझोलिक ॲसिड, गुलाबी-लाल रंग आला की संशय. नवीन आलेली बीएस्सी झालेली मुलं चटकन रजिस्टरला 'सोडा' लिहितात. मी खोडायला लावते. 'रंग गुलाबी' लिही, शेजारी चांगल्या दुधाची टेस्ट लाव, पुन्हा कर. कासदाह, म्हणजे कासेला सूज येण्याचा आजार, झालेल्या जनावराचं दूधसुद्धा आम्लारीकडे झुकतं, आणि आपण भेसळ लिहून मोकळे झालो तर ज्याची गाय आजारी आहे त्या माणसाचं नाव गावात खराब होतं. हे सगळं सरांनी दिलेलं आहे, वहीतल्या त्या एका रेघेपासून.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेले. डिजिटल बोर्ड छान आहे, प्रयोगांचे व्हिडिओ लावतात, पण प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि खिडकीतनं आत बाकं रचलेली दिसली. वाईट वाटलं, खरंच खूप वाईट वाटलं. व्हिडिओत पाच नंबरच्या पुडीचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, मुलांच्या हातात काही उरत नाही.

मुख्याध्यापकांना माझी एकच विनंती आहे, महिन्यातला एक शनिवार प्रयोगशाळा उघडी ठेवा. आयोडीन, निवळी, फिल्टर पेपर, परीक्षानळ्या मी घेऊन येईन आणि पुड्या भरायला आमच्या बॅचमधले तिघंचौघं तयार आहेत, कुंभारवाड्यातली ती मैत्रीणसुद्धा. तिला कालच फोन केला होता.