कोळंबी उकडायची, उकळवायची नाही

कोळंबी रबरासारखी लागली की दोष बहुधा कोळंबीलाच दिला जातो. जुनी होती, फ्रीजरमधली होती, जातच वाईट होती. खरं तर बऱ्याचदा ती पातेल्यात दीड-दोन मिनिटं जास्त राहिलेली असते. मटण जास्त शिजवलं की मऊ पडतं, कारण त्यातल्या चिवट धाग्यांचं सावकाश जिलेटिन होतं. कोळंबीच्या मांसात असे धागे फारच थोडे. त्यामुळे "अजून जरा शिजू दे, मऊ होईल" म्हणून ठेवलेली कोळंबी मिनिटागणिक वातडच होत जाते.

आत काय घडतं ते कळलं की वेळेचा हिशोब आपोआप लागतो. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे मांसातली प्रथिनं आवळायला लागतात आणि काचेसारखा दिसणारा गर दुधी होत जातो. ६० ते ६३ अंशांच्या आसपास कोळंबी शिजलेली असते आणि रसाळही. ७० च्या घरात गेल्यावर प्रथिनांची दुसरी खेप आकसते, आणि ओला पंचा पिळावा तसं पाणी बाहेर पडतं. आता उकळतं पाणी १०० अंशांचं. मधला गर ६० ला पोचेपर्यंत बाहेरचा थर कितीतरी पुढे गेलेला असतो, शिवाय कोळंबी बोटाएवढीच जाड, त्यामुळे चुकायला फक्त काही सेकंद पुरतात. म्हणून पाण्याला खळखळून उकळी आणायची आणि कोळंबी आत गेली की गॅस बंद करायचा.

प्रमाण असं. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला २ लिटर पाणी आणि २ मोठे चमचे, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम मीठ. मीठ जास्त वाटेल, पण कोळंबी पाण्यात दोन-तीन मिनिटंच असते. तेवढ्या वेळात तिला चव लागायची तर पाणी चांगलं खारट हवं. पाणीही कमी करू नये. फ्रिजमधली थंड कोळंबी टाकली की २ लिटर पाणी ८०-८५ अंशांवर उतरतं, आणि कोळंबी हळुवार शिजायला ते अगदी योग्य. एकाच लिटरमध्ये तेवढीच कोळंबी टाकली तर पाणी ७० च्या आसपास येतं, आणि पातेलं पातळ असेल तर त्याच्याही खाली. मग अर्धी शिजलेली, अर्धी कच्ची अशी गत होते. गोठलेली कोळंबी थेट टाकली तरी हेच होतं. ती आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा. घाई असेल तर पिशवीचं तोंड घट्ट बांधून गार पाण्यात अर्धा तास ठेवा. कोमट पाण्यात मात्र नको, बाहेरचा थर पिचपिचीत होतो.

पातेल्यात टाकण्याआधी दोन कामं. पाठीवर उथळ चीर देऊन काळा दोरा काढायचा. ती आतडी असते, खाल्ल्याने अपाय नाही, पण मोठ्या कोळंबीत वाळूसारखी कचकचते. दुसरं काम म्हणजे आकार वेगळे करणं. हे कुणी करत नाही, आणि निम्मी कोळंबी वातड होते ती यामुळेच. एका पातेल्यात लहान-मोठी एकत्र असतील तर मोठीची वाट बघताना लहान वाया जाते.

वेळ घड्याळ लावून मोजावी, अंदाजाने नको. गॅस बंद, झाकण ठेवलेलं, आणि सोललेली कोळंबी धरून:

अगदी बारीक करंदी – पाऊण ते १ मिनिट.
मध्यम, मुंडकं काढून किलोला ७०-९० नग – २ ते अडीच मिनिटं.
मोठी, किलोला ३५-४५ नग – ३ ते ४ मिनिटं.

सालीसकट असेल तर साधारण अर्धं मिनिट जास्त. चव हवी असेल तर साल ठेवूनच उकडा. कात्रीने पाठीवरची साल कापून दोरा काढता येतो आणि उकडल्यावर साल पटकन सुटते.

वेळ होत आली की एक कोळंबी झाऱ्याने काढा आणि रंगावर विसंबू नका. कच्च्या कोळंबीत तांबूस रंगद्रव्य आधीपासूनच असतं, एका प्रथिनाने ते धरून ठेवलेलं असतं. उष्णतेने ती पकड सुटते आणि लाली दिसायला लागते, पण ती बाहेरून आधी दिसते. गर आत कच्चा असतानाही कोळंबी छान केशरी दिसू शकते. बघायचं ते पाठीवरच्या चिरेत, मुंडक्याकडच्या जाड टोकाला. तिथे करडी, ओलसर काचेसारखी रेघ असेल तर आणखी २०-३० सेकंद. रेघ नुकतीच मिटून गर दुधी झाला असेल, बोटाने दाबल्यावर तो हलकेच दबून परत वर येत असेल, की त्याच क्षणी सगळी काढायची. आकारही सांगतो. स्वल्पविरामासारखी वळलेली असेल तर ठीक, शून्यासारखी गच्च आवळली तर वेळ टळली. मात्र चीर खोल गेलेली कोळंबी वेगळीच वळते, म्हणून चिरेतला रंग आधी, आकार नंतर.

पुढची पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. बाहेर काढलेली कोळंबी आतल्या उष्णतेवर शिजतच राहते. चाळणीत ढीग करून ठेवली तर वरची नीट राहते आणि मधली वातड होते. म्हणून बर्फाचं पाणी आधीच तयार हवं, लिटरभर पाण्यात निदान तेवढाच बर्फ आणि एक चमचा मीठ. दोन मिनिटं बुडवा, निथळा, कापडावर टिपून घ्या. जास्त वेळ ठेवलीत तर पाणचट होते. गरमच खायची असेल तर बर्फ नको. मग वीसेक सेकंद आधी काढा आणि पसरट ताटात एका थरात पसरा.

स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल आणि कोळंबी मोठी असेल तर दुसरी पद्धत आणखी चांगली. कोळंबी थंड खारट पाण्यातच घालायची, मध्यम आचेवर ठेवायची, अधूनमधून ढवळायचं. पाणी ७५ अंशांवर आलं की गॅस बंद करून एखाद्या मिनिटात काढायची. पाणी सावकाश तापत असल्याने बाहेरचा आणि मधला गर जवळजवळ बरोबरीने शिजतो. मधोमध ६३ अंश आले की सुरक्षिततेच्या दृष्टीनेही काम झालं. लहान मुलांसाठी किंवा गरोदर बाईसाठी करत असाल तर तेवढे येऊ द्याच.

कुरकुरीतपणा हवा असेल तर अर्ध्या किलोला पाव चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ चोळून १५-२० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग धुवून उकडा. सोड्यामुळे प्रथिनं एवढी घट्ट आवळत नाहीत आणि पाणी आत राहतं. पाव चमच्याच्या वर गेलात तर साबणासारखी चव येते. पाकिटावर फॉस्फेट लिहिलेलं असेल तर सोडा नकोच, पाणी धरून ठेवायचं तेच काम आधी झालेलं असतं.

गिळगिळीत लागणारी कोळंबी हा वेगळा दोष. मुंडक्यातला पाचकरस मांसात उतरून ते विरघळायला लागतं, म्हणून ठेवायची असेल तर मुंडकी आणल्याबरोबर काढा. वितळून पुन्हा गोठवलेलीही अशीच होते. दोन्हींना उकडण्याची कुठलीच वेळ वाचवू शकत नाही. आणि पाकिटातली आधीच गुलाबी दिसत असेल तर ती बहुधा उकडलेली असते, पाकिटावर तसं लिहिलं असेल तर फक्त वितळवा. लिंबूही उकडून झाल्यावरच पिळा. कच्चीला आधी लावून ठेवलं तर आंबटानेच गर घट्ट होतो.

रश्श्यात घालायची असेल तर वेगळी उकडू नका. रस्सा पूर्ण झाल्यावर शेवटच्या तीन-चार मिनिटांत कच्चीच घाला. उरलेली उकडलेली कोळंबी घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये दोन दिवस. मायक्रोवेव्हमध्ये गरम केली की पहिली सगळी मेहनत जाते. थंडच खा, नाहीतर गरम, न उकळत्या पाण्यात २०-३० सेकंद बुडवून काढा.

सालं आणि मुंडकी टाकायची नाहीत. कोळंबी उकडण्याआधी त्याच २ लिटर पाण्यात ती मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा, पाणी गाळून घ्या, मीठ घाला आणि परत उकळी आणून त्यात कोळंबी टाका.